अकरा अक्षरं

गंगावेशीत आमच्या तालमीच्या भिंतीवर
साडेचार फुटी काळा फळा.
एका ओळीत अकरा अक्षरं बसतात,
ओढून-ताणून बारा.

भूपाल मिस्त्रींनी खडू दिला तेव्हा म्हणाले,
समोर कट्ट्यावर म्हशीची धार निघते,
गडी पेला धरून उभा असतो.
फेस मिशीला लागायच्या आत
त्यानं ओळ वाचली पाहिजे.
नाही वाचली तर चूक त्याची न्हवं, तुझी.

पहिल्या दिवशी मी लिहिलं,
महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत
पाणीपुरवठ्याच्या प्रश्नावरून गदारोळ.
अक्षरं भिंतीवर उतरली, तरी सभा संपेना.
मिस्त्रींनी ओला फडका फिरवला
आणि लिहिलं :
उद्या पाणी नाही.

एवढं पुसायला शिकण्यात माझी दोन वर्षं गेली.

गुळाच्या दराला घसरण म्हणू नको, म्हणायचे,
घसरतो तो माणूस.
गूळ उतरतो.
नदीला फूट सांग, रौद्र रूप नको.
पुलावरून जाणाऱ्याला रूप दिसतंच,
त्याला आकडा पाहिजे.
आणि मेलेल्या माणसाचं नाव पुरतं लिही,
जागा कमी पडली तर
तुझ्या सहीची जागा घे.

मिस्त्री गेले. नाव पुरतं लिहिलं.
सही तेव्हापासून केलीच नाही.

पण मग मला प्रश्नचिन्हाची चटक लागली.
एक आकडा टाकायचा
आणि अख्खी पेठ गळाला.
आमदार कुठे गेले?
(दाताच्या दवाखान्यात.)
पंपावर काय घडलं?
(काही नाही, पंप बंद.)
लोक थांबायचे, शिव्या द्यायचे,
दुसऱ्या दिवशी परत थांबायचे.
कट्टेवाला म्हणाला, तुझ्या फळ्यापायी
दोन चरव्या जादा खपत्यात भावा.
मी मान हलवली, जशी कुस्ती मारल्यावर हलवतात.

त्या गुरुवारी लिहिलं :
रंकाळ्यात कोण सापडलं?
मोजून दहा, अकराव्या घरात आकडा.
खाली बारीक अक्षरात, सायकली लावतात तिथं,
तीस किलोचं कासव,
वनखात्याच्या ताब्यात.

साडेसहाला अक्काताई सुतार दूध न्यायला आली.
तिचा दिगंबर सोमवारपासून घरी नव्हता,
हे पेठेत सगळ्यांना माहीत.
मलाही माहीत होतं.
लिहिताना आठवलं नाही एवढंच.

तिनं मोठी ओळ वाचली.
किटली कट्ट्यावर ठेवली,
नीट ठेवली, सांडली नाही,
आणि रंकाळा वेशीच्या दिशेनं
चालत नाही, पळत नाही,
मधलंच काहीतरी करत निघाली.
चपला तिथंच.

बाळगोंडानं गाडीवरून जाऊन तिला माघारी आणलं.
तिनं एकेक सायकल बाजूला केली.
तिसरीपर्यंतचं वाचन, बोट भिंतीवर ठेवून,
ती-स
कि-लो-चं
का
स
व.

मग माझ्याकडं वळून म्हणाली,
अक्षर लई चांगलं हाय तुझं.
किटली उचलली. चपला घातल्या.
त्या दिवशी दूध घेतलंच नाही तिनं.

नऊ दिवसांनी दिगंबरचा फोन आला,
इचलकरंजीत मागावर होता,
बापाशी भांडून गेला होता, एवढंच.
मी लिहिलं :
दिगंबर सुतार घरी.
नऊ अक्षरं. दोन घरं मोकळी सोडली.
कुणी थांबलं नाही. गडी दूध प्याले,
मिशा पुसल्या, गेले.
अक्काताई आली, किटली भरून घेतली,
फळ्याकडं पाठ करून कट्टेवाल्याशी
साखरेच्या भावाबद्दल बोलत राहिली.

रोज पहाटे फडका पिळतो, फिरवतो.
ओला असतो तोवर फळा काळाभोर.
ऊन चढून वाळला की
तिरक्या उजेडात कालचं, परवाचं
सगळं पांढुरकं वर येतं.
अकराव्या घरात
अजून तो आकडा आहे.
तिथं मी अक्षर टाकत नाही.
दहातच भागवतो.